उचल सरकारची, उचल मुकादमाची

फिनलंडच्या सरकारने २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं दोन हजार बेरोजगारांना दरमहा ५६० युरो दिले. काम शोधलं का, वरून किती कमावलं, असलं काही विचारलं नाही. न विचारता पैसे दिले तर माणूस काय करतो, हे त्यांना पाहायचं होतं. एवढा खटाटोप कशाला? बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात दिंद्रुड नावाचं गाव आहे. तिथे एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी काम झालं असतं. न विचारता पैसे देणारा गृहस्थ या भागात दरसाल पावसाळ्यात दारात येतो. त्याला मुकादम म्हणतात, आणि त्याच्या पैशाला उचल.

मुकादम उत्पन्नाचा दाखला मागत नाही. रहिवासाचा मागत नाही, हयातीचा तर नाहीच. माणूस हयात आहे हे त्याला नुसतं बघून कळतं, आणि दोन्ही हात शाबूत दिसले की त्याची छाननी संपते. फार तर कोऱ्या बाँडवर अंगठा. पन्नास हजार, कधी लाखाच्याही पुढे, आणि तेही नेमक्या नडीला: दुबार पेरणी आली, पोरीचं लग्न ठरलं, दवाखान्यात कोणी पडलं. अट काय होती ते मागाहून कळतं. सांगलीत, कोल्हापुरात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडात, पहाटेच्या थंडीत कळतं.

आता सरकारकडे वळू. सरकारकडे विद्वान असतात.

जानेवारी २०१७ मध्ये देशाच्या आर्थिक पाहणी अहवालात तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी ‘सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न’ या विषयावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि त्याला महात्मा गांधींशी केलेल्या संवादाचं रूप दिलं. केंद्राच्या साडेनऊशेच्या आसपास योजना आणि उपयोजना आहेत, पैसा नको तिथे जातो आणि हवा तिथे पोचत नाही. मग त्या गुंडाळून प्रत्येकाच्या हातात सरळ रोकड दिली तर? हिशेब निघाला माणशी वर्षाला ७,६२० रुपये. म्हणजे महिन्याला ६३५. गांधींशी बोलणं सविस्तर झालं. अर्थखात्याशी बोलायचं मात्र राहून गेलं असावं, कारण पुढे त्याचं काही झालं नाही.

पण कल्पना हास्यास्पद नव्हती. हास्यास्पद काय असतं ते पाहायचं तर आपली जुनी, सोज्वळ, लक्ष्याधारित कल्याणकारी व्यवस्था पाहावी.

संजय गांधी निराधार अनुदान योजना घ्या. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी अशा माणसांना महिना १,५०० रुपये. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. भागाकार करा: दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. कापूस वेचायला आठवड्यातून दोन दिवस गेलेली बाईसुद्धा या हिशेबात बडी बागायतदारीण ठरते. आणि मिळालेलं अनुदान उत्पन्नात धरायचं म्हटलं तर वर्षाचे १८,००० तिथेच झाले. उरलेल्या वर्षभरात तिने तीन हजार रुपये कमवायला सरकारची हरकत नाही. त्यामुळे होतं काय, की अर्जदार बाई, तलाठी आणि तहसील असे तिघे मिळून गंभीर चेहऱ्याने एक आकडा कागदावर लिहितात, जो खरा नाही हे तिघांनाही माहीत असतं. खोटं बोलल्याशिवाय खरा गरीब ठरता येत नाही, ही आपल्या छाननीची थोर कमाई. वर दरवर्षी हयातीचा दाखला. म्हातारी तहसीलच्या पायऱ्या चढून समोर येते, तरी ती जिवंत असल्याचा कागद लागतोच.

याच राज्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. रक्कम तीच, १,५००. एकवीस हजारांत जगणारी निराधार आणि अडीच लाखांत जगणारी बहीण शासनाच्या तराजूत सारख्याच भरतात. फरक एवढाच, की निराधार बाईला दोन्ही घेता येत नाहीत. ज्या बाईला दुसऱ्या सरकारी योजनेतून आधीच दीड हजार मिळतात, ती बहीण होऊ शकत नाही. निराधार ती निराधार. भाऊ असलेली बाई निराधार कशी असेल? तर्कात खोट काढता येणार नाही.

महाराष्ट्राला दाखल्याशिवाय गरीब ओळखता येत होता, असाही एक काळ होऊन गेला. वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला जो प्रयोग केला त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, मराठवाड्याने खडी फोडून आणि मातीच्या पाट्या वाहून ते वर्ष काढलं. १९७७ साली कायदा झाला. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. योजनेची अक्कल अशी, की उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू. सुखवस्तू माणूस हौसेने घण उचलत नाही. घाम हाच दाखला. नंतर हजेरीपटावर मेलेली माणसं कामाला येऊ लागली, ते वेगळं. मग २००५ साली दिल्लीने कायदा केला आणि पुढे हजेरीसाठी मोबाईलवर फोटोची सक्ती आली. जुलै २०२५ मध्ये केंद्रालाच राज्यांना लिहावं लागलं, की अहो, कामाच्या जागी भलतेच फोटो चढतायत, फोटोचेही फोटो काढून पाठवले जातायत. एकेकाळी घाम हा दाखला होता, आता दाखला काढतानाच घाम फुटतो.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर मुख्य शोधाकडे येतो. सार्वत्रिक उत्पन्न चांगलं की गरजूंना निवडून दिलेली मदत चांगली, हा वाद जगभर चालू आहे. महाराष्ट्राने तो २०२४ साली मिटवला. उत्तर असं: मतदानाच्या आधी सार्वत्रिक, मतदानानंतर लक्ष्याधारित.

२८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज. पहिल्या दिवशी अटी रीतसर होत्या. मग काही दिवसांतच अटी झाडावरून पिकली पानं गळावीत तशा गळत गेल्या. पाच एकरांची अट गेली. वय साठवरून पासष्टावर गेलं. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर जुनं रेशनकार्ड चालेल, मतदार ओळखपत्र चालेल. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. मुदत जुलैची ऑगस्टला गेली, तिथून पुढे सरकली. सुमारे अडीच कोटी बायकांपर्यंत पैसे पोचले. फिनलंडने दोन हजार माणसांवर दोन वर्षं घालवली, आपण हे एका पावसाळ्यात केलं. सरकारला मनावर घेतलं तर दाखल्याशिवाय पैसे देता येतात, हे त्या चार महिन्यांत सिद्ध झालं, आणि हे मी अजिबात टिंगलीने म्हणत नाही. बायकांच्या स्वतःच्या नावाने खाती उघडली गेली. काही बँकांनी आलेले पैसे थकलेल्या कर्जात आणि किमान शिलकीच्या दंडात वळते केले, पण तो बँकांचा मूळ स्वभाव आहे.

मग ऑक्टोबर आला. आचारसंहितेच्या आधी सरकारने ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे पैसे एकदमच टाकले. भाऊबीज म्हणून. दिंद्रुडच्या कुठल्याही माणसाला विचारा, हंगामाआधी आगाऊ रक्कम हातावर ठेवण्याच्या या रीतीला तो काय म्हणतो. हंगाम २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानाचा होता. फेड झाली, भरघोस झाली.

आणि फेड झाल्यावर मुकादमाचा आवाज बदलतो, तसा सरकारचाही बदलला. महिन्याला २,१०० चं निवडणुकीतलं आश्वासन होतं ते मागे पडलं. चारचाकी कोणाकडे आहे ते पाहू लागले. २०२५ च्या मध्याला महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं, की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र वाटतात, त्यांचे पैसे थांबवले. त्याच सुमारास चौदा हजारांवर पुरुषही बहिणी म्हणून पैसे उचलत असल्याचं बाहेर आलं. एवढ्या दाजींना दहा महिने कोणी ओळखलं नाही, कारण त्या काळात ओळख पटवायची कोणालाच घाई नव्हती.

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आलं. विवाहित असेल तर नवऱ्याच्या, नसेल तर वडिलांच्या आधारवर ओटीपी. त्या दिवसांत सेतू केंद्रावर असा संवाद कुठेही ऐकू आला असता:

“मावशी, मालकाच्या मोबाईलवर आकडा आलाय का बघा.”

“आला असंल की. पर मालक बारा वर्सं झाली कुठं हायेत, ते आधी सरकारला इचारून सांग बाबा.”

टाकलेल्या बायका, विधवा, बाप नसलेल्या मुली यांच्यासाठी सवलत नंतर निघाली, मुदत डिसेंबरअखेरीपर्यंत वाढली. पण नोव्हेंबर-डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या गावांत असतं कोण? टोळ्या फडावर गेलेल्या. मोबाईल नवऱ्याच्या खिशात, तो ट्रॉलीवर, रेंज नाही, आणि बाईच्या डोक्यावर उसाची मोळी. अंगणवाडी सेविकेकडे कागद द्या म्हटलं तर सेविका गावात आणि बाई दोन-तीनशे किलोमीटरवर.

इथे पारावरच्या विद्वानांचा ठरलेला आक्षेप येतो: फुकट पैसे दिले की माणसं आळशी होतात, दारू पितात. हे बोलणाऱ्यांत पीएम किसानचे सहा हजार आणि ‘नमो शेतकरी’चे सहा हजार घेणारे बहुसंख्य असतात, पण शेतकऱ्याला मिळतो तो सन्मान आणि बाईला मिळते ती रेवडी, हे आपल्याकडे शाळेत न शिकवताही सगळ्यांना येतं. मध्य प्रदेशात इंदूरच्या आसपास ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११-१२ मध्ये आठ गावांत प्रत्येकाला विनाअट महिना दोनशे रुपये दिले, पुढे तीनशे, मुलांना निम्मे. लोकांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या, बी-बियाणं घेतलं, पोरं शाळेत टिकली. दारू वाढली नाही.

दुसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रोकड हातात ठेवून बाकीचं काढून घेतलं तर? तशी चुणूक दिसते आहेच. शंभर रुपयांत रवा, डाळ, साखर, तेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ २०२२ च्या दिवाळीला वाजतगाजत आला आणि २०२५ मध्ये पैशाअभावी गुपचूप गेला. रेशनचं माणशी पाच किलो धान्य बाजारभाव काहीही होवो, पाच किलोच राहतं. दीड हजार रुपये मात्र २०२४ साली दीड हजार होते आणि किराणा दुकानात दरवर्षी थोडे थोडे आटत जातात. महिना ६३५ रुपयांत रेशन, दवाखाना, अंगणवाडी, वसतिगृह सगळं मोडीत काढायचं, हा सौदा मुकादमालाही लाजवील. ज्यांना सार्वत्रिक उत्पन्न हवं आहे त्यांनी ते रेशनच्या वर मागावं, रेशनच्या बदल्यात नव्हे.

माझं मत विचाराल तर या वादाचं माप दिंद्रुडच्या कोयत्याने घ्यावं. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको मिळून एक. बाई एकटी अर्धा कोयता. उचल जोडीवर ठरते आणि बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. खाडा झाला तर दंड दोघांवर. पाळीत, बाळंतपणात, तापात खाडा परवडत नाही म्हणून या जिल्ह्यातल्या हजारो बायकांनी गर्भाशयं काढून टाकली. २०१९ मध्ये हे गाजलं, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, अहवाल आला. टोळ्या त्या वर्षीही हंगामाला निघाल्याच.

त्या अर्ध्या कोयत्याला ‘लाडकी बहीण’ने पहिल्यांदा पुरी बाई म्हणून मोजलं: तिचं नाव, तिचं खातं, तिचे पैसे. या एका गोष्टीसाठी मी या योजनेचे शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे. पण महिन्याच्या दीड हजारांनी कोयता सुटत नाही, कारण नड महिन्याच्या हप्त्याने येत नाही. ती आषाढात एकदम येते, आणि त्या दिवशी एकरकमी पैसे घेऊन दारात उभा असतो तो मुकादम, जिल्हाधिकारी नव्हे. वर्षाचे १८,००० त्या दिवशी तिच्या खात्यात असते तर उचल तेवढी कमी घ्यावी लागली असती. उचल कमी म्हणजे मुकादमाशी बोलताना मान थोडी वर. एखाद्या घरी कदाचित बाई या वर्षी मागेच राहिली असती.

आगाऊ पैसे देणं नियमात बसत नाही, असं वित्त विभाग म्हणेल. बसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बसलं होतं, तेही दोन महिन्यांचं. तेव्हा येत्या अधिवेशनात आमच्या आमदारांनी एवढंच मागावं: बीडच्या ऊसतोड कुटुंबांतल्या बायकांना वर्षाची रक्कम पोळ्याच्या आधी, एकदम, नवऱ्याच्या ओटीपीशिवाय द्या. त्या वर्षी निवडणूक नसली तरी द्या.