अ‍ॅपवाले जावईबापू

साकोली-लाखांदूरच्या पट्ट्यात जावयाला नावानं हाक मारत नाहीत. तो जावईबापू. सानगडीतल्या बऱ्याच घरांचा एखादा जावईबापू नागपूरला नाहीतर पुण्याला कंपनीत असतो आणि राखीला नाहीतर मंडईला सहकुटुंब सासुरवाडीला उतरतो. पूर्वी त्याला पाट, पाणी आणि पहिली पंगत लागायची. आता आधी चार्जिंगचा पॉइंट लागतो. पॉइंटशेजारी खाट टाकलेली असते, कारण वायर आखूड असते.

जावईबापूंचा मान राखायची रीत सोपी आहे: ते म्हणतील ते खरं. आता ते स्वतःच्या मनानं काहीच म्हणत नाहीत, फोन म्हणतो तेच म्हणतात. त्यामुळे सगळं घर फोनचा मान राखू लागलं आहे.

सानगडीचा जुना किल्ला पाहायचा तर ते आधी फोनमध्ये वेळ पाहतात. 'सध्या बंद आहे' असं आलं की सासरे गंभीरपणे म्हणतात, "मंग उद्या जाऊ जी." त्याच वेळी शेजारच्या बकऱ्या किल्ल्यावरून चरून घरी येत असतात.

पण जावईबापूंचा खरा कस लागतो तो सगळ्यांना गाडीत कोंबून नवेगावबांधला न्यायच्या दिवशी. गाडी चालवायला गावातलाच पोरगा. आजी लहानपणापासून रेंगीत बसून प्रतापगडच्या यात्रेला गेलेली. या भागातला रस्ता न् रस्ता तिच्या पाठीला पाठ आहे. तिला मागच्या सीटवर बसवतात. समोर जावईबापू आणि त्यांच्या फोनमधली बाई.

"दोनशे मीटरवर डावीकडे वळा," बाई म्हणते. पोरगा आरशातून सासऱ्यांकडे पाहतो. सासरे खिडकीबाहेर पाहतात. पोरगा वळतो.

ती पांदण असते. फोनला पांदण आणि डांबरी रस्ता दोन्ही रेघाच. सासऱ्यांना फरक कळतो, कारण पांदणीच्या बाजूच्या बांध्या त्यांच्याच चुलतभावाच्या. पण जावयाला 'चुकलं' म्हणायचं कोणत्या तोंडानं? "इकून बी जाते जी," ते म्हणतात. जाते, पण बैल जुंपला असला तर. धुऱ्यापाशी चाक फसतं, निंदणाच्या बाया हातातलं गवत टाकून धावत येतात, चुलतभाऊ आधी जावईबापूंना चहाचं विचारतो आणि मग गाडीला खांदा लावतो. बाई 'शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या' म्हणत राहते. गाडी निघाल्यावर जावईबापू म्हणतात, "चिखल नसता तर सात मिनिटं वाचली होती." पँटीवरचा गाळ झाडत साळा "हो ना" म्हणतो.

नवेगावला भजी. खरा तिढा इथे आहे. सासुरवाडीच्या माणसांदेखत जावयानं पैसे द्यायचे म्हणजे सासऱ्याची अब्रू गेली. म्हणून सासरे भजी तळायला पडायच्या आधीच दुकानदाराच्या हातात नोटा कोंबतात. जावईबापूंना ते दिसत नाही, कारण ते स्कॅन करत असतात. दुकानातला डबा रक्कम मिळाल्याचं गावभर ओरडून सांगतो. दुकानदार दोन्हीकडचे पैसे ठेवून घेतो. मान दोघांचाही राखायचा असतो.

एवढ्यावर भागलं तर ते अ‍ॅपवाले कसले? खर्च वाटणाऱ्या अ‍ॅपात त्यांनी सगळ्यांची नावं घालून ठेवलेली असतात. तलावाच्या वाटेवर साळ्याचा फोन टुणकन वाजतो: आजीकडून अठ्ठावीस रुपये येणे. आजीला दात नाहीत, तिनं भजी खाल्ली नाहीत. पण साळा हळूच तिचं येणं स्वतःच्या खात्यातून चुकतं करतो. एवढं करून बायकोचं नाव वाटणीत धरावं की वगळावं, यावर नवरा-बायकोत जे होतं ते इथे नको.

मग तलाव. कोलू पाटील कोहळीनं हा बांध घातला असं सांगतात. पाणी कुठून उतरेल हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं असणार. जावईबापू मात्र काठावर उभे राहून तलाव किती तारांकित आहे ते वाचतात. झुडपातून पाखरू ओरडतं. 'मर्लिन' नावाचं अ‍ॅप आवाजावरून पक्षी ओळखतं, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं. आपल्या भागातल्या पक्ष्यांचा संच आधी उतरवून घेतला तर नेटवर्कशिवायही चालतं. जावईबापूंनी तो घेतलेला नसतो. मारुती चितमपल्लींनी याच रानात रानातल्या माणसांना विचारून पाखरांची नावं टिपली, आणि इथे अशी आठ माणसं फोनवरचं चक्र फिरताना पाहत शांत उभी असतात. पाखरू टिटवी आहे हे धाकट्या पोराला ठाऊक आहे. त्याच्या तोंडावर आजीचा हात आहे.

आता त्यांच्या बाजूचंही सांगायला हवं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' हे अ‍ॅप 20 ते 40 किलोमीटरच्या टापूतल्या विजेची सूचना देतं. त्याच दिवशी, आभाळ नुसतंच काळवंडलेलं असताना, जावईबापू ओरडले, "झाडाखालून निघा, गाडीत बसा!" मानाखातर सगळे उठले. थोड्याच वेळात पलीकडच्या काठावर वीज कोसळली. धानाच्या मुलखात वीज म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. कोणी काही बोललं नाही. जावईबापूही बोलले नाहीत, हे विशेष. नंतर मात्र सगळ्यांशी, सगळीकडे, सारखे बोलले.

तेव्हापासून सासऱ्यांची श्रद्धा जडली. त्यांचा फोन बटनवाला, त्यात दामिनी बसत नाही. म्हणून आभाळ आलं की ते बांधीतून थेट नागपूरला फोन लावतात: "जावईबापू, तुमच्या मोबाइलात काय म्हणते जी?" जावईबापू ऑफिसात बसल्या बसल्या पाहून सांगतात. फोन नागपुरात असल्यामुळे तो नागपूरचं आभाळ सांगतो. यंदा वर्धा रोडवर कडकडाट झाला आणि सानगडीत लख्ख ऊन असताना रोवणीच्या बाया घरी पाठवाव्या लागल्या. त्यांनी कारण विचारलं. सासरे म्हणाले, "जवायाचा शब्द हाये."

बायांनी अर्ध्या दिवसाची मजुरी पूर्ण घेतली.