इथे पूर्वी

आमच्या नारायण पेठेत दुपारी एकच्या सुमाराला रोज एक पार्सलवाला पोरगा हरवतो. मोबाइलमधली बाई ‘आपण पोहोचला आहात’ एवढं सांगून गप्प बसलेली असते. समोर एक बोळ, एक पानाची गादी आणि तीन इमारती. त्यांचे घर नंबर ४१७, मग ५८२, मग पुन्हा ४१७ अ. पोरगा दोनदा बोळ फिरतो आणि शेवटी आमच्या पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे वळतो. खुर्चीत काका असतात.

“कुणाकडे जायचंय?” काका आधी चौकशी करतात. आडनाव ऐकून त्या घरातल्या तीन पिढ्यांची मनातल्या मनात उजळणी होते, मग पत्ता सुटतो. “जिथे पूर्वी पिठाची गिरणी होती तिथे डावीकडे वळ. पुढे वाड्याची दिंडी लागायची, तिथून आत.”

पोरगा लातूरकडचा, पुण्यात येऊन चार महिने झालेला. ‘लागायची’मधली मेख त्याच्या ध्यानात येईपर्यंत पार्सल भलत्याच जिन्याने वर गेलेलं असतं.

असे काका पेठेत दर दोन बोळांमागे एक सापडतात. माणसांबद्दल बोलताना ते तिन्ही काळ वापरतात, जागांबद्दल बोलताना फक्त भूतकाळ. बाहेरच्याला हा वयाचा दोष वाटतो, पण सगळी चूक काकांची नाही. पेरूगेटला जाऊन पाहा. पेरू मिळालाच तर हातगाडीवर, आणि गेट तर नाहीच. सरदार आप्पा बळवंत मेहेंदळ्यांच्या नावाच्या चौकात आता गाइडं आणि प्रश्नसंच मिळतात. मंडईजवळ ‘आर्यन’ हे थिएटर १९१५ साली सुरू झालं, पुढे पाडलंही गेलं; आता तिथे लोक गाड्या लावतात आणि “आर्यनला लावलीय” असं घरी कळवतात. गावच असं बोलतं, तिथे काका वेगळं काय करतात?

शिवाय एकदा तर काळच काकांकडे परत आला. आप्पा बळवंत चौकातल्या ‘प्रभात’ टॉकीजला ते कायम ‘किबे’ म्हणत. हे नाव त्यांनी वडिलांच्या तोंडून उचललेलं. पोरंसोरं हसत. मग ते थिएटर मूळ मालकांकडे गेलं आणि पाटी लागली ‘किबे लक्ष्मी’. काका त्या दिवशी पिक्चर न बघता नुसती पाटी बघून आले. “मी काय म्हणत होतो?” एवढंच बोलले, पण बोळातल्या प्रत्येक घरी जाऊन बोलले.

काकांचा वाडा पाडून आमची चार मजली इमारत उभी राहिली. पाटीवर मालकांचं आडनाव आणि पुढे ‘हाइट्स’. काकांचा वाड्यावर अतोनात जीव. भाडं अठरा रुपये. मालक ते घेत नसत, म्हणून दर महिन्याला मनीऑर्डर. ती परत आली की पावती फायलीत. खटला बावीस वर्षं चालला, आणि त्या काळात काका व मालक रोज संध्याकाळी एकाच ओट्यावर बसून बुद्धिबळ खेळत. “काय ती माणसं, काय तो चौक, काय ती हवा!” काका सुरू झाले की आतून काकूंचा आवाज येतो, “आणि संडास? एकोणीस पायऱ्या उतरून मागच्या अंगणात. पावसाळ्यात छत्री घेऊन. आणि पाणी कोण भरायचं, तेही सांगा की!” काका मग विषय पानशेतवर नेतात.

१२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा काका नऊ वर्षांचे होते. पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण त्यांनी पार्किंगच्या खांबावर ऑइलपेंटने करून ठेवली आहे. खांब २००९ सालचा.

मुलगा बाणेरला राहतो. गणपतीत पेठेतल्या भिंती स्पीकरने हलतात, म्हणून तो दर वर्षी दहा दिवसांसाठी नेतो आणि काका तिसऱ्या दिवशी परत येतात. तिथल्या शांततेत झोप लागत नाही म्हणे. काकूंनी खरं कारण सांगितलं. तिथे कुणी पत्ताच विचारत नाही. एकदा काका सोसायटीच्या वॉचमनला “इथे पूर्वी ज्वारी होती” असं सांगायला गेले, तर तो म्हणाला, “माहीत आहे, आमचीच होती.” काकांना बोलण्यात कुणी गाठलेलं माझ्या माहितीत एवढंच.

पेठेत कुणीही कुदळ मारो, खड्ड्याच्या काठावर काका हजर. “जपून रे, खाली कात्रजचा नळ आहे.” नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरातल्या हौदांत आणलं, हे खरंच आहे. तो नळ आमच्याच बोळाखालून गेला याला पुरावा मात्र फक्त काकांचा. खणणारे बिडी पेटवत आणि कामाला लागत.

मग २० सप्टेंबर २०२४ आला. बुधवार पेठेत, सिटी पोस्टाच्या आवारात, उभ्या जमिनीने एक अख्खा ट्रक गिळला. चालक वाचला, देवाची कृपा. टीव्हीवर खड्डा दिसत होता आणि त्यातून ट्रकचं तोंड तेवढं आकाशाकडे. बातमीदार भूगर्भ, मेट्रो, असं काहीबाही बोलत होता. काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“विहीर,” ते म्हणाले. “तिथे पूर्वी विहीर असणार.”

आणि खाली जुनी विहीर असल्याचंच पुढे बोललं जाऊ लागलं. तेव्हापासून काकांचा भाव वधारला आहे. तळमजल्यावरचे देशपांडे नवी गाडी लावण्याआधी त्यांना विचारून जागा ठरवतात. परवा एक नवा पार्सलवाला बोळात घोटाळत होता. काका तोंड उघडणार, तेवढ्यात आमचा लातूरचा पोरगा बाइकवरूनच त्याला ओरडला, “अरे, पूर्वी गिरणी होती ना, तिथून डावीकडं घे! मग वाड्याचं गेट लागायचं, तिथून आत!”

काका खुर्चीतून अर्धे उठले.

“गेट नव्हे रे, दिंडी! गेट पेरूला.”