गुळावर आळ

मराठी घरात मूल रात्री दात खाऊ लागलं की पहिल्यांदा गुळाचा डबा वरच्या फळीवर जातो. मग पोराला लाडू कोणी दिले याची चौकशी होते, आणि 'जंत झालेत' हे निदान आजी मुलाकडे न बघता, फोडणी घालता घालताच करून टाकते. गालावर पांढुरके डाग? जंत. जेवत नाही? जंत. फार जेवतो? मग तर नक्कीच जंत, कारण खाल्लेलं अंगाला लागतंय कुठे! इतकी उलटसुलट लक्षणं एकाच दुखण्यात बसवणं कुठल्याही वैद्यकीय ग्रंथाला जमलेलं नाही.

गूळ यात बिचारा निर्दोष आहे. गोड खाऊन जंत होत नाहीत. बहुतेकदा जंतांची अंडी पोटात गेल्याने होतात. गालावरचे ते फिकट डाग बहुतेकदा कोरड्या त्वचेचे असतात आणि दात तर धडधाकट मुलंही खातात. घरातल्या मांजरावर आळ घ्यायचीही सोय नाही. मुलांमध्ये नेहमी आढळणारा सूतकृमी माणसाच्याच आतड्यात नांदतो, कुत्र्यामांजरांकडून येत नाही.

हा प्राणी दिसतो कसा, तर शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा वळवळावा तसा. मादी 8 ते 13 मिलिमीटर लांब. नर 2 ते 5 मिलिमीटर, म्हणजे घरात असून नसल्यासारखा. दिवसभर मादी आतड्यात गप्प असते. मूल झोपलं की ती गुदद्वारातून बाहेर येते, आजूबाजूच्या कातडीवर दहा हजारांच्या वर अंडी घालते आणि मरते. त्या चिकट अंड्यांनी खाज सुटते, मूल झोपेतच खाजवतं, अंडी नखांत जातात आणि सकाळी तेच बोट तोंडात. काही तासांतच ही अंडी पुढच्या पिढीच्या कामाला तयार झालेली असतात. दुष्टचक्राचा इतका सुटसुटीत नमुना शोधून सापडणार नाही.

म्हणून बघायचं ते दुपारी ताटाकडे नव्हे, रात्री अंथरुणाकडे. मूल चुळबुळतं, पालथं पडून ढुंगण वर काढतं, मध्येच रडत उठतं, सकाळी किरकिरतं. मुलींना शूच्या जागीही खाज सुटते, एखादीचं अंथरूण ओलं होतं. काही मुलांना तर काहीच होत नाही. ती आरामात झोपतात आणि जंत मात्र घरभर वाटतात.

खात्री करायची तर मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरी घेऊन बघायचं. हा प्रसंग भल्याभल्या संसारांची परीक्षा पाहतो. बाबा मोबाइलचा उजेड धरतात, पण स्वतः मान फिरवून. आई पोराची चड्डी खाली करून वाकलेली. आजी दारातून, 'अरे, जरा खाली धर ना उजेड!' एवढ्यात बाबांच्या त्याच मोबाइलवर ऑफिसचा फोन वाजतो. पोरगं कूस बदलतं. पण नीट पाहिलं तर पांढरा दोरा हलताना दिसतो आणि वादच मिटतो.

नाही दिसला, तर डॉक्टर चिकटपट्टीची तपासणी सांगतात. सकाळी उठल्याउठल्या, शी आणि आंघोळ व्हायच्या आधी, पारदर्शक पट्टी त्या जागी दाबायची आणि काचेवर चिकटवून द्यायची. ती सूक्ष्मदर्शकाखाली जाते. औषधाच्या रिकाम्या डबीत शी भरून लॅबमध्ये धावण्यात फारसा अर्थ नाही. अंडी बाहेर कातडीवर घातलेली असल्यामुळे शीमध्ये ती बऱ्याचदा सापडतच नाहीत. रिपोर्ट कोरा येतो आणि आजीचा डॉक्टरांवरचा उरलासुरला विश्वासही उडतो.

खाजेने हैराण झालेल्या पोराला रात्री कोमट पाण्याने धुवावं, जागा टिपून कोरडी करावी, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. नखं अगदी बारीक कापावीत, अंगाबरोबर बसणारी सुती चड्डी घालावी. सकाळी उठल्याबरोबर आंघोळ, म्हणजे रात्रीची अंडी मोरीतून जातात. जंतुनाशकाने घासणं, हिंगाचे लेप असले पराक्रम नकोत. खाज राहते बाजूला, पोर आगीने नाचतं. वावडिंगाला कृमींवर जुना मान आहे, पण त्या मानावर महिनाभर विसंबलं तर जंतांचीच भरभराट.

गोळी लागतेच. अल्बेंडाझोल किंवा मेबेंडाझोल, वयाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. 'शाळेत दिली की गोळी!' असं काही आया ठासून सांगतात. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, म्हणजे 2015 पासून 10 फेब्रुवारीला, शाळा-अंगणवाड्यांत 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात हे खरं. पण त्या मोहिमेचा रोख मुख्यतः मातीतून येणाऱ्या जंतांवर आहे, आणि शिवाय त्या गोळीत आजोबा नसतात.

खरी पंचाईत इथेच. सूतकृमीचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं असतं, खाज असो वा नसो. आजोबा दुखावतात. 'उभ्या आयुष्यात बाहेरचं पाणी प्यायलो नाही, आणि मला जंत?' बाबा गोळी घेतात, पण कोणाला सांगू नका या अटीवर. दुकानात आई हळू आवाजात औषधाचं नाव सांगते आणि दुकानदार गर्दीच्या डोक्यावरून विचारतो, 'जंताचीच ना? किती जणांसाठी?' इकडे आजीने एव्हाना सगळ्या चादरी गॅलरीत नेऊन खाडखाड झटकलेल्या असतात. नेमकं तेच करायचं नसतं, कारण झटकल्याने अंडी उडतात आणि बाहेर ती दोन-तीन आठवडे तग धरू शकतात. चादर हळूच गुंडाळून गरम पाण्यात टाकायची, हे सुनेने आजीला सांगायचं म्हणजे गोळी गिळण्यापेक्षा अवघड.

औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा सगळ्यांनी एकेक गोळी. आई भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेवर गोल करते. आजोबा चष्मा लावून बघतात, तर तो दिवस एकादशीचा. गोळी उपासाला चालते का, हा प्रश्न घेऊन ते आता डॉक्टरांकडे निघाले आहेत.