सर्व्हर डाऊन, झेरॉक्स चालू

आमच्या मीरा-भाईंदरच्या बेव्हर्ली पार्कात बेव्हर्ली किती आणि पार्क किती, हे घर घेताना कुणी बिल्डरला विचारलं नाही, त्यामुळे आता आम्ही एकमेकांनाही विचारत नाही. पण इथे एक विद्यापीठ आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. सोसायटीच्या गेटातून बाहेर पडलात की उजव्या हाताला, मेडिकल आणि वडापावची गाडी यांच्या मधोमध. दहा बाय आठचा गाळा. पाटीवर लिहिलंय : झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, पासपोर्ट फोटो, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म. कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा नियंत्रक आणि शिपाई ही चारही पदं एकाच पोराकडे आहेत. पदं रिक्त नसलेलं विद्यापीठ मी दुसरं पाहिलेलं नाही.

प्रवेशाच्या दिवसांत या गाळ्यापुढची रांग वडापावच्या गाडीपर्यंत जाते. गाडीवाल्याची तक्रार नाही. परवा मी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेलो, तर पुढे आमच्याच मजल्यावरच्या काकू, सोबत बारावी झालेली मुलगी. पोर्टलला मुलीचा फोटो हवा होता. पण फार मोठा नको, फार लहान नको, अमुक केबीच्या वर आणि तमुक केबीच्या आत. सही पांढऱ्या कागदावर, काळ्या पेनाने, तीही मापात. मुलीला बारावीला संगणकशास्त्र होतं. तिने घरी दोन तास झटापट केली होती. दुकानदाराने पाच सेकंदांत फोटो छाटला, दाबला, चढवला, आणि दुसऱ्या हाताने माझी झेरॉक्स काढली.

मग ओटीपी. तो गेला वडिलांच्या मोबाईलवर, आणि वडील चर्चगेट लोकलमध्ये, बोरिवली आणि अंधेरीच्या मध्ये कुठेतरी, एका पायावर. काकूंनी फोन लावला. पलीकडून आधी डब्यातलं भजन ऐकू आलं, मग वडील. "मोठ्याने सांगा!" काकू ओरडल्या. वडिलांनी सहा आकडे मोठ्याने सांगितले. अख्ख्या डब्याला कळले, आम्हाला चारच कळले. पुन्हा फोन, पुन्हा सहा आकडे, तोवर ओटीपीचं आयुष्य संपलं. तिसऱ्या खेपेला जमलं, आणि पोर्टलने पडदा पांढरा केला. "साइट बैठ गई, आंटी," दुकानदार शांतपणे म्हणाला, "रात को बारा के बाद आ जाएगी. आप सो जाना, मैं भर दूंगा." आणि जाता जाता त्याने स्क्रीन मुलीकडे वळवली. "नाव बघून घे. स्पेलिंग बघ. नंतर बोलायचं नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काकू हटल्या आणि सर पुढे झाले. सर म्हणजे आमच्या बी विंगमधले निवृत्त प्राध्यापक. हातात पेनड्राइव्ह. कुठल्याशा ऑनलाइन परिसंवादात त्यांचं भाषण होतं. विषय : आफ्रिकेतल्या विद्यापीठांमध्ये माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञानाची क्षमताबांधणी. बासष्ट स्लाइड झाल्या होत्या, आणि फाइल इतकी जाड की मेलने जाईना. "जरा बारीक करून दे रे," ते दुकानदाराला म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "तिकडे फार कठीण आहे हो. कपॅसिटीच नाही."

मी सरांना काही बोललो नाही. वयाचा मान असतो. पण हे सदर माझं आहे, आणि इथे मान राखायचं बंधन नाही.

आता खरं सांगायचं तर आफ्रिकेला संगणक शिकवण्याचा आपला अधिकार मोठा आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. विजय भटकरांच्या चमूने १९९१ मध्ये 'परम ८०००' करून दाखवला, आणि तोही कुठे, तर गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या आवारात. पुढे घानाची राजधानी अक्रा इथे २००३ मध्ये कोफी अन्नान यांच्या नावाने माहिती तंत्रज्ञानाचं केंद्र निघालं. ते भारत आणि घाना सरकारांनी मिळून काढलं, आणि शिकवायला होती आपली सी-डॅक. डॉ. कलामांनी २००४ मध्ये आफ्रिकी संसदेपुढे उपग्रहाच्या जाळ्याची कल्पना मांडली. २००९ मध्ये ते जाळं सुरू झालं. त्यावरून इथल्या विद्यापीठांनी तिकडच्या वर्गांत शिकवलं, आणि सरकारी हिशेबाने सुमारे २२ हजार जणांनी पदव्या घेतल्या. एवढं सगळं आपण केलं. यात चेष्टेला जागा नाही. माझी अडचण एवढीच आहे, की हे सगळं करून घरी परत येताना आपण बहुधा किल्ली तिकडेच विसरून आलो.

कारण मग येतं २०१७ साल. मुंबई विद्यापीठ, स्थापना १८५७, वय वर्षं १६०. परीक्षा तोंडावर आलेल्या, काही तर सुरूही झालेल्या, आणि विद्यापीठाने ठरवलं की या वर्षी सगळ्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायच्या. सगळ्या म्हणजे सगळ्या : ४७७ परीक्षा, सतरा लाखांहून जास्त उत्तरपत्रिका. एका शाखेवर आधी करून बघू, एखादं वर्ष चुका होऊ देऊ, असला मध्यमवर्गीय विचार नाही. टेंडर निघालं, बेंगळुरूच्या कंपनीला काम मिळालं, गठ्ठे स्कॅनिंगला गेले. आयुष्यभर लाल पेनाने तपासलेल्या प्राध्यापकांपुढे एक खिडकी उघडली आणि त्यांना सांगण्यात आलं, करा लॉगिन.

आता हे लॉगिन म्हणजे काय चीज असते, हे आमच्या गल्लीतल्या काकूंना विचारा.

पुढचं सगळ्यांना आठवत असेल, ज्यांची मुलं तेव्हा टीवायला होती त्यांना तर जास्तच. निकाल जूनमध्ये लागले नाहीत. राज्यपाल म्हणजे कुलपती विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत दिली. ती पाळायला कॉलेजांचे तास बंद ठेवले, नागपूरच्या प्राध्यापकांनाही तपासायला बसवलं. ३१ जुलै आली आणि गेली. ऑगस्ट गेला, सप्टेंबर उजाडला, निकाल ठिबकत राहिले. परदेशात प्रवेश मिळालेली मुलं हातात ऑफर लेटर घेऊन कलिनाला परीक्षा भवनाच्या पायऱ्यांवर बसली. काही उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत. त्या मुलांना शेवटी सरासरी गुण दिले. म्हणजे पेपर लिहिला कुणी आणि मार्क कसे पडले याचा संबंध तोडून दाखवणारं तंत्रज्ञान आपण विकसित केलं. २४ ऑक्टोबरला राज्यपालांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. १६० वर्षांत अशी वेळ पहिल्यांदा आली.

त्या वर्षी विद्यापीठाकडे संगणक नव्हते असं कुणी म्हणू शकेल? तार नव्हती? तार तर भरपूर होती. राष्ट्रीय ज्ञान जाळ्यासाठी केंद्राने २०१० मध्येच ५,९९० कोटी मंजूर केले होते. पैसा होता, यंत्रं होती, कंपनी होती. उत्तरपत्रिकेवरचा बारकोड जुळेना तेव्हा तो का जुळत नाही हे सांगणारा घरचा माणूस कुठे होता, एवढंच मला आजवर कळलेलं नाही. कंपनी विद्यापीठाकडे बोट दाखवत होती, विद्यापीठ कंपनीकडे. मधल्या मोकळ्या जागेत लाखो मुलं उभी होती.

क्षमताबांधणी या शब्दाचंच काहीतरी चुकतंय. बांधणी म्हटलं की आपल्याला खडी, सिमेंट आणि टेंडर आठवतं. उद्घाटन होतं, फीत कापली जाते, संगणक कक्षाला एसी लागतो. दोन वर्षांनी तो एसीच तेवढा चालू असतो, कारण तिथे कार्यालयातले साहेब बसतात.

आता सरांच्या मागासलेल्या आफ्रिकेत काय झालं, ते ऐका. केनियातल्या विद्यापीठांकडे पैसे नव्हते. इंटरनेट यायचं उपग्रहावरून, आणि एका मेगाबिटला महिन्याला हजारो डॉलर मोजावे लागायचे. आपल्याकडे घरोघरी पोरं रील बघायला जेवढी गती वापरतात, तेवढीत तिकडे अख्खं विद्यापीठ चालायचं. तेव्हा १९९९ मध्ये त्यांनी एकत्र येऊन स्वतःचं जाळं काढलं, केनेट नावाचं. घाऊक खरेदी करायची आणि आपापसांत वाटून घ्यायची. भिशीच म्हणा ना. पाच-सहा वर्षांत केनिया, मलावी, मोझांबिक, रवांडा आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांच्या अशा जाळ्यांनी मिळून उबुंटुनेट नावाची मोठी भिशी काढली. केप टाऊनकडच्या वेस्टर्न केप विद्यापीठाने तर शिकवण्याची प्रणाली स्वतःच लिहिली, आणि इतर आफ्रिकी विद्यापीठांतल्या पोरांना ती लिहायला शिकवली. आमच्या काकूंच्या भिशीत जसं पैसे कुणाकडे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, तसं तिकडे तार कुठे तुटली हे सांगणारा माणूस जाळ्यातलाच. पगारावरचा. नावानिशी ओळखीचा.

तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. वीज जाते, पैसे संपतात, शिकलेली पोरं मोबाईल कंपन्या पळवून नेतात. पण जे मोडतं ते दुरुस्त करायचं कुणी, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला आणि यंत्रं नंतर घेतली. गंमत म्हणजे, २००९ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला पहिली मोठी समुद्री केबल लागली, सीकॉम, तिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. म्हणजे तीच तार. त्यांच्या टोकाला जोडलेली आणि आपल्या टोकालाही जोडलेली. सरांच्या बासष्ट स्लाइडींत केनेटचं नाव नव्हतं. मी दुकानदाराच्या खांद्यावरून सगळ्या पाहिल्या.

आपण २०१७ पासून काहीच शिकलो नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. आता पडद्यावरची तपासणी रुळली आहे, आणि प्रवेशाला दिल्ली विद्यापीठाने केलेली 'समर्थ' नावाची प्रणाली राज्यात आली आहे. नाव ऐकून सज्जनगडाकडे हात जोडले जातात, पण हे समर्थ दिल्लीचे. दिल्लीच्या विद्यापीठाने स्वतःच्या माणसांकडून प्रणाली लिहून घेतली आणि देशाला वाटली, हे चांगलंच. फक्त अशी प्रणाली लिहिणारी पोरं ज्या मुंबई-पुण्यातून ट्रकभर निघतात, तिथल्या विद्यापीठांना ती दिल्लीहून का आणावी लागते, हे कुणी मला बासष्ट स्लाइडींत समजावून सांगावं.

आणि मग मुंबई विद्यापीठाचा २०२५ चा तो पदवीदान समारंभ. काळे झगे, भाषणं, फोटो. मुलांनी पदव्या घरी नेल्या, फ्रेमवाल्याकडे दिल्या, आणि तेव्हा कुणाचं तरी लक्ष बोधचिन्हाकडे गेलं. विद्यापीठाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं. मुंबईची झाली होती 'मुमाबई'. विद्यापीठाने छपाईतली चूक म्हणून सांगितलं आणि दुरुस्त पदव्या देऊ केल्या. काम, अर्थातच, बाहेर दिलेलं होतं.

आमच्या गाळ्यातला पोरगा प्रिंट मारायच्या आधी स्क्रीन फिरवतो. नाव बघून घे. स्पेलिंग बघ. नंतर बोलायचं नाही. एका प्रिंटचे पाच रुपये घेतो, कलरचे दहा. त्याला कुणी क्षमता बांधून दिलेली नाही. चूक झाली तर काकू समोर येऊन उभ्या राहतात, दुसऱ्या राज्यातल्या कंपनीकडे बोट दाखवायची सोय नाही, म्हणून तो शिकला. कुठलं पोर्टल रात्री किती वाजता उठतं, कुठे पैसे कापले जाऊनही पेमेंट पेंडिंग दिसतं, ते किती दिवसांनी परत येतात, दाखला चढवताना कुठल्या कॉलेजच्या रकान्यात काय लिहिलं की फॉर्म परत येत नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. मीरा-भाईंदरच्या एका पिढीचा प्रवेश त्या डोक्यातून झालेला आहे. तो गावी गेला की आमच्याकडे उच्च शिक्षण आठवडाभर बंद असतं.

माझं म्हणणं विद्यापीठांनी मनावर घेतलं तर एक करावं. पुढचं टेंडर काढण्याआधी प्रत्येक कॉलेजात असा एक माणूस पगारावर ठेवा. कंत्राटी नको, कायम. रात्री बारानंतर फोन उचलणारा. त्याला स्क्रीन फिरवायची सवय आहे का, एवढंच मुलाखतीत बघा.

सरांची फाइल अठ्ठेचाळीस एमबीची चार एमबी झाली. वीस रुपये. सरांनी सुटे नाहीत म्हणून जीपे केलं, तेही दुकानदारानेच करून दिलं. काकूंच्या मुलीचा फॉर्म रात्री पावणेदोनला गेला, सकाळी पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आली.

दुकान साडेनऊला उघडतं, रांग नऊला लागते. येताना मूळ कागदपत्रं आणा, मोबाईल चार्ज करून आणा, आणि ज्याच्या नंबरवर ओटीपी येतो त्या माणसाला त्या दिवशी लोकलमध्ये चढू देऊ नका.