मिटलं एकदाचं!

अहो, ऐकलंत का? थोरल्या-धाकट्याचं मिटलं! हो हो, तेच, बांधाचं. जरा इकडे सरका, आमच्या ह्यांच्या कानावर गेलं तर म्हणतील, सुरू झालं बातमीपत्र...

तर काल पंचायतीत मीटिंग होती. तंटामुक्तीची. आबांनी, आर. आर. पाटलांनी, १५ ऑगस्ट २००७ ला सुरू केलेली ती मोहीम नाही का? वेशीवर 'तंटामुक्त गाव' रंगवलंय आणि हे सख्खे भाऊ कोर्टात! थोरले म्हणे, ह्याने नांगर घालून वीतभर बांध कोरला. धाकटे म्हणे, मोजणी आणा, मग बोला. आणि धाकटीची नवी पैठणी पाहिलीत? भांडायला आल्यात की लग्नाला... असो.

तर काय सांगत होते, ह्या वेळी अध्यक्ष कोण? आपल्या रिटायर्ड बाई! त्यांनी दोघांनाही गप्प केलं. म्हणाल्या, "स्वतःचं गाऱ्हाणं नंतर. आधी थोरल्यांनी धाकट्याचं म्हणणं सांगायचं, तो 'बरोबर' म्हणेपर्यंत. मग त्याने तुमचं." थोरल्यांचा चेहरा असा पडला! टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. मध्येच 'हा नेहमीच असा' म्हणाले, तर बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. 'नेहमीच' म्हणायचं नाही आणि बायकांना मध्ये ओढायचं नाही, हा रूलच!

शेवटी थोरले हळूच म्हणाले, "ह्याला वाटतं, विहिरीची बाजू मला आली, ह्याच्या वाट्याला कोरडवाहू." धाकटा खालीच बघत बसला. "बरोबर." मग त्याची पाळी. म्हणाला, "दादाला वाटतं, पोरीच्या लग्नपत्रिकेत मी त्याचं नाव मेहुण्याच्या खाली छापलं." अहो, थोरलीने डोळ्यांना पदर लावला की! म्हणजे बघा, भांडण बांधाचं आणि सल पत्रिकेतल्या ओळीचा. दोन वर्षं वकिलांची धन केली!

आता मोजणी पुन्हा होणार, खर्च निम्मा-निम्मा, दगड दोघांसमोर रोवायचे. पाण्याच्या पाळ्याही ठरल्या. आमचा भाचा वकील ना, तो म्हणतो, लोकअदालतीत तडजोड नोंदवली की कोर्ट फी परत मिळते आणि पुढे अपीलच नाही. फीचं ऐकून धाकटीची कळी अशी खुलली म्हणता...

पण बाई काही सगळंच 'बोलून मिटवा' म्हणणाऱ्यातल्या नाहीत हं. मागे ती सुनेच्या मारहाणीची भानगड आली, तेव्हा सरळ पोलिसांत धाडलं.

बरं, विषय निघालाच आहे म्हणून... तुमच्या शेवग्याचा पाला रोज आमच्या अंगणात. माझं गाऱ्हाणं मी नाही सांगत. तुम्हीच सांगा, माझं काय म्हणणं असेल? आणि मी 'बरोबर' म्हणेपर्यंत हलायचं नाही हं!