झूमच्या विजेरीची निवड व सुधारणा : होतकरूंसाठी काही सूचना

वीज गेल्यावर चपला सापडाव्यात आणि जिन्याची शेवटची पायरी चुकू नये, एवढीच ज्यांची विजेरीकडून मागणी आहे, अशा अल्पसंतुष्ट गृहस्थांनी पुढील मजकूर वाचण्याचे श्रम घेऊ नयेत; कारण प्रस्तुत मार्गदर्शन हे, आपल्या गच्चीवरून तिसऱ्या आळीतील चिंचेच्या शेंड्यावर निजलेला कावळा मध्यरात्री सुस्पष्ट पाहावा, अशी अनिवार इच्छा ज्यांना कोणतेही सबळ कारण नसता होत असते, त्यांच्याच सोयीसाठी सिद्ध केले आहे.

या जातीच्या विजेरीचे मस्तक पुढे ओढले की झोत आकुंचित होतो आणि मागे ढकलले की पसरतो. पूर्ण ओढून भिंतीवर रोखली असता वाटोळ्या ठिपक्याऐवजी पिवळसर चौकोन उमटतो, त्यावरून दुकानदाराशी हुज्जत घालू नये; भिंग नाभीय अंतरावर आले म्हणजे एलईडीच्या चौकोनी चिपचीच ती प्रतिमा असते, आणि तिच्या कडा जितक्या रेखीव तितके भिंग अस्सल. गोलीय पृष्ठभाग सर्व किरणांना एका बिंदूत आणू शकत नाही, म्हणून भिंगाला अपास्ताचा वक्र द्यावा, हा विचार दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सह्‌लने आणि पुढे १६३७ साली देकार्तने मांडला. दोघांपैकी एकाच्याही मनात कावळा नव्हता, हे नमूद करणे प्राप्त आहे.

खरेदीच्या वेळी डब्यावरील ल्युमेनच्या आकड्याकडे आदरपूर्वक दुर्लक्ष करावे. पल्ला अवलंबून असतो तो चिपच्या दर चौरस मिलिमीटरमधून किती प्रकाश निघतो यावर आणि भिंगाच्या क्षेत्रफळावर. सबब चिप लहान व प्रखर, भिंग रुंद. व्यास दुप्पट केला तर तीव्रता चौपट होते, पण पल्ला दुप्पटच वाढतो. हा पल्लासुद्धा प्रमाणित पद्धतीने मोजला तर जिथे पाव लक्स प्रकाश उरतो तिथे संपतो, आणि पाव लक्स म्हणजे पौर्णिमेचे चांदणे. अर्थात तेवढ्या अंतरावरचा कावळा महिन्यातून एकदा फुकटच दिसला असता.

झोत आवळल्यावर होणारी गळती पाहून मात्र भल्याभल्यांचा धीर सुटतो. भिंगाचा व्यास त्याच्या नाभीय अंतराइतकाच असेल, तर जुन्या अंमलातील वसुलाप्रमाणे चिपने दिलेल्या प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा सरकारात रुजू होतो, बाकीचे चार नळकांड्याच्या भिंतीतच जिरतात. सेल १८६५० मापाचा घ्यावा. त्यावर ९९०० एमएएच छापले असेल तर दुकानदारास नमस्कार करून पायरी उतरावी, कारण त्या मापाचे उत्तम सेलही साधारण ३५०० च्या आसपासच थांबतात.

आता सुधारणा. प्रथम आटे सोडवून चिपखालची चकती पाहावी. स्वस्त मालात ती बहुधा धड टेकलेली नसते, तिथे थर्मल पेस्टची तजवीज करावी. त्यानंतर महत्त्वाकांक्षी लोक चिपवरील सिलिकॉनचा घुमट काढतात. घुमट चिपला मोठी भासवतो, तो गेला की प्रतिमा लहान व प्रखर होते आणि झोत लांब जातो. यासाठी चिप पेट्रोलात भिजवण्याचा प्रघात आहे. तो घराबाहेर, विस्तवापासून दूर, आणि वाटी स्वयंपाकघरातील नसल्याची खातरजमा करूनच आचरावा. रंग थोडा हिरवट-पिवळा होतो, तो सोसावा. काही चिप घुमटासह तारही तोडून घेतात, तेही सोसावे. ज्यांची सहनशक्ती मर्यादित आहे त्यांनी ओस्रामची जन्मतःच बिनघुमटाची चिप आणून डाग द्यावा, आणि आमच्या मते शहाणपण त्यातच आहे.

सरकते मस्तक दर खेपेस हवा आत ओढते, व तिच्याबरोबर पावसाळ्यात बाष्प. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावावे. तथापि विहिरीत पडलेल्या विजेरीविषयी आशा धरू नये.

शेवटची सूचना विनोदाने घेऊ नये. मस्तक ओढलेली विजेरी भिंग बाहेर करून उन्हाच्या खिडकीत कधीही ठेवू नये. किरण आल्या वाटेने परतही जातात, आणि सूर्याची प्रतिमा नेमकी चिपवर पडून तिचा पिवळा लेप जळतो. मस्तक मिटवून, तोंड खाली करून, फडताळात ठेवावी.