करदाते नाना

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत चौकशी करा, करदाते नाना सापडतील. आडनाव वेगळंच असतं, पण ते फक्त दारावरच्या पाटीवर. ‘मी करदाता आहे’ म्हटल्याशिवाय त्यांचं कुठलंच बोलणं सुरू होत नाही. पाववाल्याशीसुद्धा.

एप्रिल लागला की नानांना आधी मिळकतकराच्या बिलाचे वेध लागतात, आंब्याचे नंतर. मुदतीत भरलं तर सर्वसाधारण करात पाच ते दहा टक्के सूट मिळते आणि सूट सोडणं त्यांच्या रक्तात नाही. बिल हातात आलं की चष्मा पुसून जाहीर वाचन सुरू. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशमन कर, पथकर... ‘वृक्षकर! म्हणजे कोपऱ्यावरच्या गुलमोहराच्या निदान दोन फांद्या माझ्या. मला न विचारता छाटल्याच कशा?’ राज्य सरकारच्या शिक्षण कराशी आले की आवाज चढतो. ‘मुलं अमेरिकेत, नातवंडं तिथल्या शाळेत, आणि शिक्षण कर मी भरतोय सदाशिव पेठेत!’

पाण्याचा विषय त्यांच्यापुढे काढू नये. चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०१६ सालीच महापालिकेने पाणीपट्टीची वाढ थेट २०४७ पर्यंत ठरवून टाकली. ‘२०४७ साली पट्टी किती वाढणार, ते मी आज सांगतो. पाच टक्के! उद्या सकाळी पाणी किती वाजता येणार, ते मात्र विचारू नका.’ हे वाक्य सोसायटीच्या दर वार्षिक सभेत होतं आणि दर वेळी टाळी घेतं.

नानांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ म्हणजे २०२३. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला पुण्यात १९७० पासून मिळणारी चाळीस टक्क्यांची सवलत मधल्या काळात काढून घेतली होती, ती परत आली. मात्र आपण आपल्याच घरात राहतो, हे ज्यांना सिद्ध करायचं होतं, त्यांच्यासाठी ‘पीटी-३’ नावाचा अर्ज निघाला. नानांनी सोसायटीचं पत्र घेतलं, मतदार ओळखपत्र घेतलं, रेशनकार्ड घेतलं, गॅसचं पुस्तक घेतलं. तेवढ्याने समाधान होईना म्हणून लग्नपत्रिकाही जोडली. तिच्यावर वधूवरांचा पत्ता हाच छापलेला होता. ‘अहो, पत्रिका कशाला?’ असं काकूंनी विचारलं तर म्हणाले, ‘पुरावा आहे. इतकी वर्षं जपून ठेवली ती काय उगाच?’ काकू आत निघून गेल्या. लग्नपत्रिका जपण्यामागचं खरं कारण त्यांना त्या दिवशी कळलं.

पण नानांचा खरा राग महापालिकेवर नाहीच. तो थकबाकीदारांवर आहे, आणि इथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. थकवलेल्या करावर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. पुरेशी साचली की अभय योजना येते. २०२० मध्ये पन्नास लाखांपर्यंतच्या थकबाकीवरची शास्ती ८० टक्के माफ झाली. वेळेवर भरणाऱ्याला पाच-दहा टक्के आणि बुडवणाऱ्याला ऐंशी! शिवाय वसुलीसाठी महापालिका थकबाकीदारांच्या दारात बँड पाठवते. नानांचा सवाल रास्त आहे : ‘त्यांच्या दारात अख्खा बँड, आणि आम्ही इतकी वर्षं न चुकता भरतोय, तर आमच्या दारात साधी पिपाणी नाही?’

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर चित्र अर्धं राहील. पुण्यात घरोघरचा कचरा उचलणाऱ्या कचरावेचकांची ‘स्वच्छ’ नावाची सहकारी संस्था आहे. तिच्या मावशी रोज सातला दारात हजर. गणपतीत हजर, धो धो पावसात हजर. त्यांना प्रत्येक घराने महिन्याला थोडं शुल्क द्यायचं असतं. बिनतक्रार, ठरल्या वेळी दारात येणारी नानांच्या आयुष्यातली ही एकमेव नागरी सेवा. आणि घासाघीस कुणाशी? तर तिच्याशीच!

‘काका, या महिन्यापासून पाच रुपये वाढलेत.’

‘का पण? मी सफाईपट्टी भरतो. पावती दाखवू?’

‘पावती ठेवा तुमच्याजवळ. ओला-सुका वेगळा करा तेवढा. काल पुन्हा बादलीत ब्लेड होतं.’

नाना गप्प. आयुक्तांना आठ-आठ पानी पत्रं लिहिणाऱ्या माणसाकडे याचं उत्तर नसतं. मावशी अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी घट्ट करतात आणि वरच्या मजल्यावर जातात. नाना दार लावून अर्जाला बसतात. विषय, ‘नागरी सेवांचा ढासळता दर्जा’.

तुमच्याही सोसायटीत एखादे करदाते नाना असतील. त्यांना सभेत खुशाल बोलू द्या. त्यांच्या दहा तक्रारींतल्या आठ तरी खऱ्या असतात. फक्त मावशींचे वाढीव पाच रुपये आधी देऊन टाका, आणि ब्लेड कागदात गुंडाळून वेगळं द्या.